एक पत्र, हजार मायने

मोडी पत्रं वाचायला शिकलं की काही दिवसांत एक गोष्ट ध्यानात येते. पहिली ओळ अक्षर अक्षर लावत बसावी लागत नाही. 'अखंडितलक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' एवढं ओळखलं की नजर थेट नावावर जाते. समोरचा वडील की धाकटा, सरदार की कारकून, यावर मायना ठरलेला. कुणाला काय लिहायचं, याचे नियम सांगणारं 'मेस्तक' तर थेट हेमाद्री पंडिताच्या नावावर सांगितलं जातं. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी असे जुने कागद गावोगाव हिंडून जमवले, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळही तिथेच आहे.

साचा एक, नावं अनेक. हीच युक्ती आज यावल-रावेरकडच्या एखाद्या विकासोच्या, म्हणजे विविध कार्यकारी सोसायटीच्या, कॉम्प्युटरवर चालते, आणि मला ती पाहताना अजूनही नवल वाटतं.

३१ मार्चला वर्ष संपलं की ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते. सभासद आठशे, म्हणजे नोटिसा आठशे. पण सचिव पत्र लिहितो एकच. नावाच्या जागी नाव नाही, «नाव» अशी एक खिडकी. गावाच्या जागी «गाव», रकमेच्या जागी «थकबाकी». खरी नावं दुसऱ्याच फाइलमध्ये, एक्सेलच्या शीटमध्ये: एका ओळीत एक सभासद. मेल मर्ज म्हणजे या दोघांची गाठ. यंत्र एकेक ओळ उचलतं, खिडक्या भरतं आणि पुढच्या ओळीकडे वळतं. थकबाकी शून्य असेल तर आभाराचं वाक्य, नसेल तर भरण्याची विनंती, एवढा विवेकही त्याला शिकवता येतो.

खरी गंमत पुढे आहे. पत्रात नावं साठवलेलीच नसतात. शीट कुठे ठेवली आहे, एवढंच पत्राला ठाऊक असतं. म्हणून 'पाटिल'चं 'पाटील' करायचं तर पत्राला हात लावायचा नाही. शीटमधला एक कप्पा दुरुस्त करून सेव्ह करायचा. पुढच्या छपाईत नोटीस, पाकीट, पावती सगळीकडे नाव शुद्ध. लिब्रेऑफिसमध्ये तर पत्राच्या बाजूने शीट नुसती बघता येते, बदलता येत नाही; दुरुस्ती मूळ शीट उघडूनच करायची. सुरुवातीला हे जाचक वाटतं. मला तेच योग्य वाटतं: यादी एकच असावी आणि ती एकाच जागी सुधारावी.

आपल्याकडे नडते ती एक सवय. शीटच्या माथ्यावर आपण मोठ्या अक्षरांत संस्थेचं नाव लिहितो. यंत्र पहिल्या ओळीलाच शीर्षकं समजतं, आणि मग 'गाव' हा स्तंभ त्याला सापडतच नाही. दुसरी अडचण आकड्यांची. शीटमध्ये १,२५,००० दिसणारी रक्कम पत्रात स्वल्पविराम गाळून उतरते, आणि ५ नोव्हेंबरची तारीख अमेरिकी रीतीने महिना आधी घेऊन येते. रक्कम आणि तारीख शेजारच्या स्तंभात मजकूर म्हणून लिहून ठेवली की दोन्ही प्रश्न सुटतात.

पहिली लोकप्रिय स्प्रेडशीट, व्हिजिकॅल्क, १९७९ सालची. वर्डस्टारला जोडून 'मेलमर्ज' नावाचा वेगळा प्रोग्राम विकला जाऊ लागला, तोही त्याच सुमाराचा. ते प्रोग्राम लिहिणाऱ्या कुणी मेस्तक पाहिलं असेल असं वाटत नाही, तरी दोन्हीकडे रचना तीच निघाली.

पुढच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत घरातली पत्त्यांची वही शीटमध्ये उतरवून पाहा. नाव, गाव, पिनकोड हे स्तंभ कराच, आणि 'मायना' असाही एक करा. आजोबांना 'तीर्थरूप' आणि पुतण्याला 'चिरंजीव' लिहायचं, हे यंत्राला तुम्हालाच सांगावं लागेल.