मोझेलच्या चढावरचा दिवस

सकाळी ६

सप्टेंबर संपत आला की जर्मनीतल्या कोखेमला सहा वाजता अजून अंधार असतो आणि नदीवर दाट धुकं. सायकलींना हात लावण्याआधी मी फोन बघते. मोझेलच्या खोऱ्यात रीसलिंग द्राक्षांची काढणी सुरू झाली आहे. आमच्या ग्रॅव्हल बाइक ज्या डांबरी, काँक्रीटच्या आणि खडीच्या वाटांवरून जातात, त्या सगळ्या बागायतदारांच्या ट्रॅक्टरसाठी नाहीतर जंगलातलं लाकूड वाहून नेण्यासाठी बांधलेल्या आहेत. सायकलवाल्यांसाठी नदीकाठचा सपाट मोझेल सायकलमार्ग आहेच. त्याच्या वर जे काही आहे ते दुसऱ्यांच्या कामाचं आहे, आणि ते काम न अडवता पाहुण्यांना वर नेऊन आणणं हा माझा व्यवसाय.

आज एलरच्या एका बागायतदारीणबाईंचा निरोप आहे: दोननंतर वरच्या आडव्या रस्त्यावर ट्रॉल्या येणार, तेव्हा त्याआधी निघून जा. म्हणजे आजचं वेळापत्रक त्यांनी ठरवलं. हे मला मान्य आहे. स्क्रीनवर रेघ कुणीही ओढतं, पण त्या रेघेवर आज कोण राबतंय हे नकाशा सांगत नाही.

साडेसात

सहा सायकली आणि माझी सातवी. टायर पंचेचाळीस मिलिमीटरचे, ट्यूबलेस, आत सीलंट. हवा माणसाच्या वजनाप्रमाणे दोन ते अडीच बार. हवा जास्त झाली तर खडीवर सायकल उडते, कमी झाली तर रिम दगडावर आपटते. इथला दगड म्हणजे पाटीचा दगड. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचा झालेला, पातळ पापुद्र्यांत फुटणारा, कडा धारदार. याच काळ्या-निळ्या पाट्या दिवसभर ऊन शोषतात आणि रात्री वेलींना ऊब देतात, म्हणून पन्नास अंश उत्तर अक्षांशावर रीसलिंग पिकते. वाइनसाठी जे वरदान, ते टायरच्या बाजूला मात्र कापतं. मी प्रत्येकाच्या खोगीरपिशवीत प्लग आणि एक जादा ट्यूब आहे ना ते स्वतः बघते.

नऊ

पाहुणे आले. हॉलंडचं एक जोडपं, बेल्जियमचे दोघे भाऊ आणि फ्रँकफुर्टला नोकरी करणारं पुण्याचं एक जोडपं. पुलावर थांबलं की डोंगरावरचा राइशबुर्ग किल्ला समोर येतो. पुण्याच्या पाहुणीनं विचारलं, "ताई, हा एवढा धडधाकट कसा राहिला?" राहिला नाही. १६८९मध्ये चौदाव्या लुईच्या फ्रेंच फौजेनं तो उद्ध्वस्त केला. जवळपास पावणेदोनशे वर्षं नुसते अवशेष होते. मग १८६८मध्ये बर्लिनच्या लुई रावेने या व्यापाऱ्यानं ते विकत घेऊन नवगॉथिक शैलीत बांधकाम केलं. ज्या शिखरांचे आपण फोटो काढतो ती बरीचशी एकोणिसाव्या शतकातली आहेत. खरोखर अभंग राहिलेला किल्ला बघायचा तर खालच्या अंगाला, एल्झबाखच्या दरीतला एल्त्झ. तो कधी पडला नाही आणि आजही मूळ घराण्याकडेच आहे. त्याचं चित्र जर्मनीच्या जुन्या पाचशे मार्कांच्या नोटेवर होतं.

मग कोंडमार्गे वर. फाल्विगरबेर्गचा चढ वळणावळणानं द्राक्षमळ्यांतून जातो. इथे प्रत्येक वेल आपल्या एकट्या खांबावर उभी असते आणि तिच्या दोन फांद्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या असतात. आमच्या गावाकडे द्राक्ष मांडवावर, वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी. इथे वेल थंडीत झोपते, तेव्हा एकदाच छाटतात. चढावर बोलायला दम उरत नाही, म्हणून हे सगळं मी वळणावरच्या विसाव्यात सांगते.

साडेदहा

वर हुन्सऱ्युकचं पठार आणि जंगल. ऱ्हाइनलँड-फाल्त्झ राज्याच्या वनकायद्यानुसार जंगलात सायकल रस्त्यांवर आणि पक्क्या वनवाटांवरच चालते. पायवाटा वनवाटांत मोजल्या जात नाहीत. सुंदर पायवाट दिसली की सगळ्यांचे हात शिवशिवतात, आणि मी नाही म्हणते. २०१८नंतरच्या दुष्काळांत स्प्रूसची झाडं सालकिड्यानं मेली. ती तोडून नेणाऱ्या जड गाड्यांनी वनवाटा कुठे कुठे खणून काढल्या आहेत. एका चाकोरीत कालचं पाणी साचलंय. मी उतरून खोली बघते, फोटो घेते, जागा नोंदवते.

खाली ब्रुटिग गाव दिसतं. तिथे मी सगळ्यांना पाच मिनिटं थांबवते. १९४४मध्ये या गावात छळछावणी होती. तिथल्या आणि पलीकडच्या त्राइसच्या कैद्यांना अर्धवट राहिलेल्या रेल्वेबोगद्यात कारखाना उभारण्यासाठी राबवलं. अनेक जण मेले. किल्ल्यांच्या गोष्टी सांगायच्या आणि हे गाळायचं, हे मला पटत नाही. मग कुणी फारसं बोलत नाही, आणि आम्ही बाइलश्टाइनला उतरतो.

बारा

बाइलश्टाइनच्या डोक्यावरचा मेटरनिख किल्लाही १६८९चाच बळी. हा मात्र कुणी पुन्हा बांधला नाही. नावेतून पलीकडच्या एलेन्त्झ-पोल्टर्सडोर्फला जायचं. नदी इतकी संथ का, असं बेल्जियमच्या धाकट्या भावानं विचारलं. खाली फांकेलचा बंधारा आहे. ट्रियर ते कोब्लेंझ असे दहा बंधारे मालवाहू बोटींसाठी बांधले, काम १९६४मध्ये पूर्ण झालं. त्याआधी उन्हाळ्यात मोझेल बरीच उथळ असायची.

जेवण एका श्ट्राउसविर्टशाफ्टमध्ये, म्हणजे बागायतदारानं स्वतःच्या अंगणात मांडलेली खानावळ. वर्षातले चार महिनेच ती उघडता येते, चाळीसपेक्षा जास्त खुर्च्या नाहीत आणि वाइन स्वतःच्याच मळ्याची. दुपारी आमच्या टेबलावर द्राक्षरस येतो. वाइन संध्याकाळी. पुढे काल्मोंटचा उभा डोंगर आहे, म्हणून ही अट मी कुणासाठी सैल करत नाही.

सव्वा

एलरला पोचलो. बागायतदारीणबाई मोनोरेलच्या डब्यात रिकामे क्रेट रचत होत्या. एकाच दातेरी रुळावर इंजिनाचा हा छोटा डबा उभ्या कड्यावर चढतो, कारण काल्मोंटचा मळा युरोपातला सर्वांत उभा मानतात. उतार कुठे कुठे पासष्ट अंशांच्या पुढे जातो. तिथे ट्रॅक्टर नाही, सगळं हातानं. वाइनच्या बाटलीची किंमत ऐकून महाग म्हणणाऱ्यांनी एकदा इथे क्रेट उचलून बघावा.

"तुम्ही वेळेत आलात," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कळवलंत म्हणून. उद्या काय आहे?"

"उद्या दिवसभर. परवाही. पाऊस आला नाही तर."

कड्यातून जाणारी तारांची गिर्यारोहण वाट सायकलसाठी नाही. आम्ही बगलेच्या रस्त्यानं वर निघालो आणि तिसऱ्या वळणावर पुण्याच्या पाहुण्याचा मागचा टायर फुसफुसला. बाजूच्या रबरात नखाएवढी पाटीची कपची उभी रुतली होती, आणि तिच्या कडेनं पांढरं सीलंट बुडबुडे सोडत होतं. कपची चिमट्यानं काढली, लगेच सुईतून प्लग आत ढकलला, शेपूट अर्धा सेंटिमीटर बाहेर ठेवून कापलं, चाक फिरवून चीर खाली आणली म्हणजे सीलंट तिथे साचेल. मग हवा. आणखी दोन मिनिटं थांबून कान लावला. आवाज नाही. कापलेली बाजू कधीकधी प्लगला दाद देत नाही, तेव्हा ट्यूब घालावीच लागते. आज वाचलो. दोनला दहा मिनिटं असताना आम्ही आडव्या रस्त्याच्या पलीकडे होतो.

तीन

काल्मोंटचा माथा ३७८ मीटर. इथे एका गॅलो-रोमन देवळाची प्रतिकृती उभारली आहे. खाली नदीनं ब्रेम गावाजवळ मोठा वळसा घातलाय आणि आतल्या जिभेवर श्टुबेन मठाची भिंत उभी आहे. मळ्यांमध्ये झुडपांचे पट्टेही दिसतात. ते सोडून दिलेले मळे. एवढ्या उतारावर राबायला नवी माणसं मिळत नाहीत. वाटा वापरात राहायच्या तर मळे राहिले पाहिजेत. मळा गेला की वाटेवर दोनतीन वर्षांत काटेरी ब्रॅम्बल चढतं.

साडेचार

आल्फला उतरून बुलायचा दुमजली पूल: वर रेल्वे, खाली रस्ता. मग गाडीनं परत. इथल्या लोकल गाड्यांत कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर सायकल फुकट, म्हणून एकेरी मार्ग आखता येतात. दिवसभर आम्ही नदीच्या वळणावळणानं जे अंतर कापलं, त्यातलं बरंचसं एलर ते कोखेम हा चार किलोमीटरांहून लांब कैझर-विल्हेल्म बोगदा काही मिनिटांत ओलांडतो. तो १८७९पासून वापरात आहे.

सात

पाहुणे वाइनला गेले. मी सायकली धुतल्या, टायरांच्या बाजू बोटांनी चाचपल्या आणि पुण्याच्या पाहुण्याचा टायर बदलला, कारण प्लग उद्या चढावर टिकेल याची खात्री नाही. मग नकाशा. चाकोरीतल्या पाण्याची जागा टाकली. एलरचा आडवा रस्ता काढणी संपेपर्यंत बंद केला आणि उद्याच्या गटाची रेघ जंगलातल्या वरच्या वाटेवर सरकवली. चार किलोमीटर आणि एक चढ वाढला. बागायतदारीणबाईंना कळवलं: उद्या आम्ही येत नाही. उद्याच्या गटाला: जेवणाची वेळ अर्धा तास पुढे.