पिकअपखाली सांडतंय ते बर्फाचं पाणी की कूलंट?

मासळीच्या पिकअपखाली कायमच ओल असते. क्रेटमधला बर्फ वितळतो, पाणी सांडतं, आणि त्याच ओलीत इंजिनाचं कूलंट गळतंय हे महिनोन्‌महिने कुणाला कळत नाही. मग बडवाहकडून माल भरून आलेली गाडी भेरूघाट कशीबशी चढते आणि भंवरकुआंच्या सिग्नलला बॉनेटमधून वाफ. व्यापारी फोनवर फोन करतोय, मासळी मागे नरम पडतेय.

होडीच्या इंजिनाला थंड व्हायला खाली अख्खी नर्मदा आहे. गाडीला तेच पाच-सात लिटर फिरवून वापरायचं असतं. नदीकाठापासून इंदूर जवळजवळ ४०० मीटर उंच, तेही भरल्या गाडीने.

ओळखायचं कसं? गाडी धुऊन, क्रेट उतरवून, रात्री इंजिनाखाली जाड पुठ्ठा टाका. सकाळी हिरवा, लाल किंवा गुलाबी डाग दिसला, बोटाला बुळबुळीत लागला, गोडसर वास आला, तर ते कूलंट. मासळीच्या पाण्याचा वास आपल्याला सांगायला नको. एसीचं पाणी साफ असतं. डाग पुढे असेल तर रेडिएटर आणि होज पाईपच्या क्लिपा बघा. मासळीच्या खारट पाण्याने क्लिपा लवकर गंजतात. पट्ट्याच्या बाजूला डाग असेल तर वॉटर पंप.

काटा कधी चढतो हेही बघा. सिग्नलला उभं राहिल्यावर चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर बहुधा पंख्याचं काम आहे. घाटात चढत असेल तर कूलंट कमी किंवा रेडिएटर चोंदलेला.

आता हीटर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघणारे तो लावतातच. डॅशबोर्डच्या आत हीटरचा एक छोटा रेडिएटर असतो, मेकॅनिक त्याला हीटर कॉइल म्हणतात. तो गळला की खाली पुठ्ठ्यावर काहीच पडत नाही. गळतं ते केबिनमध्ये: पायाखालची मॅट ओली, काचेवर आतून चिकट धुकं, पुसलं तरी परत येतं, आणि तोच गोड वास. आपल्या केबिनमध्ये मासळीच्या वासापुढे तो लपतो, म्हणून मॅट उचलून हात लावूनच बघा.

हीटर गार हवा फेकतोय? इंजिन तापलं की बंद करा, केबिनकडे जाणारे दोन्ही पाईप फडक्याने हलके चाचपा. दोन्ही गरम, तर आतला झडपेचा दोष. एक गरम, एक गार, तर कॉइल चोंदलीय किंवा तिचा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही गार, तर आधी कूलंटची पातळी बघा. कॉइल गळत असेल आणि धंदा थांबवता येत नसेल, तर मेकॅनिक दोन्ही पाईप एकमेकांना जोडून देतो. हीटर जातो, गाडी चालते.

कूलंट कमी होतंय पण बाहेर कुठेच ओल नाही, मागून पांढरा धूर येतोय, ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय, तर हेड गॅस्केटचा संशय धरा. तशी गाडी घाटात नेऊ नका. हेड वाकलं तर खर्च कित्येक पट.

रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुना तोडगा अजून चालतो. भोक बुजतं कधीकधी, पण बारीक नळ्यांची हीटर कॉइल आधी चोंदते. बोअरचं पाणीही नको, खार धरतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिळतं ते.

आणि झाकण! आत दाबाखाली १०० अंशांच्याही वर तापलेलं पाणी असतं. काटा चढला तर गाडी बाजूला घ्या, बंद करा, तासभर जाऊ द्या, मगच जाड फडकं धरून झाकण हळूहळू फिरवा. कोवळ्या पोरांना हे काम सांगू नका.

काढलेलं जुनं कूलंट कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. ते विषारी असतं आणि गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात. तलावाच्या, नदीच्या काठावर तर अजिबात ओतायचं नाही, आणि त्या कॅनमधून परत बर्फाचं पाणी आणायचं नाही.