सहीची किल्ली टोकनातून क्लाउडकडे
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 ने मान्य केलेल्या डिजिटल सहीची खासगी किल्ली, म्हणजे केवळ सही करणाऱ्याच्या ताब्यात असावयाचा गुप्त संकेतांक, बहुधा यूएसबी टोकनात राहते. सावद्यातील एखाद्या केळी व्यापाऱ्याचे असे टोकन हिशेबनिसाच्या खणात असणे सोयीचे वाटले, तरी धोक्याचेच ठरते. 2015 पासूनच्या आधार-आधारित ई-साइनमध्ये ही किल्ली सेवादात्याच्या सुरक्षित यंत्रात निर्माण होऊन एका सहीनंतर नष्ट केली जाते, आणि सेवादात्याकडे दस्तऐवजाऐवजी 'हॅश', म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, जातो. मात्र ओटीपीने ओळख पटवली जात असल्यास आधारला जोडलेल्या मोबाइलचा ताबा हाच सहीचा ताबा ठरतो, म्हणून मोबाइल दुसऱ्याच्या हाती देऊ नये. सेवादात्याकडे परवाना आहे का आणि सही केलेल्या प्रती कोठे राहणार, हे करारापूर्वीच तपासावे. मृत्युपत्रावर मात्र अशी सही चालत नाही, कारण त्याला माहिती तंत्रज्ञान अधिनियम लागू नाही.