हात बधिर होतात? गाडीचा फोर्कही तपासून पाहा

दिवाळीची सुट्टी संपली, किंवा शनिवार-रविवारला जोडून एखादी रजा आली, की पुढच्या आठवड्यात दवाखान्यात ठरावीक तक्रार घेऊन काही मंडळी येतात. वय चाळीस ते पंचावन्नच्या आसपास, प्रकृती एरवी उत्तम, नोकरी-धंदा स्थिर. मुले हाताशी आल्यावर हौसेने मोठी मोटारसायकल घेतलेली आणि तिच्यावरून कोकण नाहीतर गोवा करून आलेली. "डॉक्टर, हाताला मुंग्या येतात. सकाळी चहाचा कप धरताना बोटं जड वाटतात." काही जण मानेचा एक्स-रे काढूनच आलेले असतात. चाळिशीनंतर मानेच्या मणक्यांची थोडीफार झीज पुष्कळांच्या एक्स-रेत दिसतेच. ती दिसली की दुखण्याचे सारे खापर तिच्यावर फुटते आणि गळ्यात पट्टा येतो.

अशा रुग्णाला मी दोन प्रश्न विचारतो. एका दिवसात किती किलोमीटर गाडी चालवलीत? आणि पुढच्या फोर्कमधले तेल शेवटचे कधी बदलले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अभिमानाने मिळते. दुसऱ्यावर बहुधा प्रतिप्रश्न येतो, "फोर्कमध्ये तेल असतं?"

असते. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दोन नळ्या म्हणजे फोर्क. सायकलच्या दुकानात याच भागाला चिमटा म्हणतात. नेहमीच्या फोर्कच्या नळीत एक लांब स्प्रिंग आणि मोजके तेल असते. चाक खड्ड्यात आदळले की स्प्रिंग दबते आणि धक्का झेलते. पण नुसती स्प्रिंग असती तर गाडी नंतर बराच वेळ झोपाळ्यासारखी हलत राहिली असती. ते हलणे तेल आवरते. बारीक छिद्रांतून जाता-येता ते अडते आणि त्या अडण्यात धक्क्याची शक्ती जिरते. असा तेलाने आवरलेला फोर्क बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ साली आपल्या आर १२ व आर १७ या गाड्यांना बसवला. तत्त्व आजही तेच आहे.

काही वर्षांच्या वापराने हे तेल काळे पडते, त्यात धातूचा बारीक कीस मिसळतो, सील झिजले की गळू लागते. इंजिनाचे तेल आपण आठवणीने बदलतो, कारण त्याची भीती घातलेली असते. फोर्कच्या तेलाची आठवण कोणी करून देत नाही. तेल निकामी झाले की फोर्क अडकत-अडकत चालतो, आणि जो धक्का नळीत जिरायला हवा तो हँडलवाटे थेट तळहातावर येतो.

शरीरावर काय परिणाम होतो?

तळहाताच्या मुळाशी, मनगटात, हाडांचा आणि एका चिवट पट्ट्याचा अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वळवणाऱ्या नऊ शिरा (स्नायूंच्या दोऱ्या) आणि एक मोठी चेतातंतूंची नाडी जाते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची संवेदना या नाडीकडे असते. हँडल घट्ट आवळून, मनगट वाकवून तासन् तास गचके खाल्ले की बोगद्यातली जागा सुजेने कमी होते आणि नाडी दबते. करंगळी व अनामिकेचा उरलेला अर्धा भाग बधिर होत असेल तर दुसरी नाडी दबलेली असते. ती करंगळीच्या बाजूने तळहातात उतरते आणि तिच्यावर हँडलची मूठ नेमकी टेकते. म्हणून रुग्णाने "हात बधिर होतो" एवढेच न सांगता कोणती बोटे ते सांगावे. डॉक्टरांचे अर्धे काम तिथेच होते.

धडाची गोष्ट थोडी वेगळी आहे. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारण ४ ते ८ हेलकावे देणाऱ्या हादऱ्यांना सर्वांत जास्त साथ देते, म्हणजे ते हादरे शरीरात जिरण्याऐवजी वाढतात. आता हिशेब करा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. रस्त्यावर दर दोन मीटरला खळगा असेल तर सेकंदाला पाच गचके, बरोबर नको त्या टप्प्यात. मात्र प्रामाणिकपणे सांगायचे तर कंबरेचा बोजा मुख्यतः मागचे शॉकअप आणि सीट यांच्यावर असतो. फोर्क सुधारल्याने आराम पडतो तो मनगट, कोपर, खांदे आणि मान यांना. कंबरदुखीसाठी फोर्कवर पैसे घालू नयेत.

कंपनांचा त्रास हा डॉक्टरांचा कल्पनाविलास आहे असेही कोणी समजू नये. युरोपीय संघाने २००२ सालच्या निर्देशाने कामगारांच्या हातांना आणि सर्वांगाला दिवसभरात किती कंपने बसू द्यायची याच्या मर्यादा ठरवून दिल्या. आणि २०२१ साली अॅपल कंपनीने जाहीर सूचना दिली की, मोठ्या मोटारसायकलच्या इंजिनाची कंपने आयफोनच्या कॅमेऱ्याला बाधू शकतात, तेव्हा फोन हँडलला थेट बसवू नये. फोनसाठी कंप शोषणारा धारक घेतात, पण त्याच हँडलवर ठेवलेल्या स्वतःच्या मनगटाची चौकशी करीत नाहीत, असे महाभाग मी पाहिले आहेत.

कडक म्हणजे चांगला नव्हे

फोर्क सुधारायचा म्हटले की बहुतेकांचा पहिला विचार असतो तो कडक स्प्रिंगचा आणि घट्ट तेलाचा. ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक खाली बुडते, ते बुडू नये म्हणून. नाक बुडायचे थांबते खरे, पण मनगटे आणखी दुखतात. साध्या फोर्कमध्ये तेल ठरावीक छिद्रांतूनच जाते. नळी हळू दबते तेव्हा त्याला वाट मिळते. धारदार खड्ड्यावर ती झटक्यात दबू पाहते तेव्हा विरोध एकदम अनेक पटींनी वाढतो. तेल जितके घट्ट तितका हा फटका मोठा. म्हणून घट्ट तेल टाकण्याआधी सध्याची स्प्रिंग आपल्या वजनाला पुरते का, ते पाहावे.

ते घरीच पाहता येते. टेप आणि दोन मदतनीस हवेत. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक जमिनीपासून सुटेल असे करावे आणि चाकाच्या आसापासून फोर्क धरणाऱ्या खालच्या टीपर्यंतचे अंतर मोजावे. मग गाडी चाकांवर घेऊन, नेहमीचे जाकीट-हेल्मेट घालून बसावे. एकाने गाडी सरळ धरावी, दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. फोर्क थोडा अडकतो, म्हणून एकदा दाबून सोडून आणि एकदा उचलून सोडून अशी दोन मापे घेऊन मधले धरावे. दोन्ही अंतरांतला फरक म्हणजे आपल्या वजनाने फोर्क किती बसला ते. रस्त्यावरच्या गाडीत हा फरक फोर्कच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा असावा. २०१६ साली आलेल्या ४११ सीसी हिमालयनच्या फोर्कची हालचाल २०० मिलिमीटर आहे, तेव्हा ६० ते ६५ मिलिमीटर ठीक. २०२१ च्या क्लासिक ३५० मध्ये ती १३०, तिथे ४० च्या आसपास.

फोर्क फार बसत असेल तर स्प्रिंगच्या वरची नळकांडी थोडी लांब करून ती आधीच थोडी दाबून ठेवता येते. याने गाडीची उंची सुधारते, स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. त्यानंतरही प्रत्येक गतिरोधकावर फोर्क तळाशी आपटत असेल तरच जाड तारेची स्प्रिंग घ्यावी. सुरुवातीला मऊ आणि पुढे कडक होत जाणारी स्प्रिंगही मिळते. भरलेल्या पेट्या घेऊन हिंडणाऱ्यांना ती मानवते. पण पेट्यांचे आणि मागे बसणाऱ्यांचे वजन बहुतांशी मागच्या शॉकअपवर येते. तो आधी नीट लावावा. फोर्कमधल्या दांड्यावर बसवायचे नवे व्हॉल्व्हही निघाले आहेत आणि त्यांनी धारदार धक्के खरोखर मऊ होतात. मात्र त्यासाठी दांड्याला भोके पाडावी लागतात. ते काम जाणत्या फिटरकडे द्यावे.

घरी काम करताना

तेल आणि स्प्रिंग बदलणे हाताचा सराव असलेल्या माणसाला घरी जमते. यात डोळा, पाऊल आणि कंबर या तीन गोष्टींना धोका असतो. नळीचे वरचे बूच आतल्या दबलेल्या स्प्रिंगवर बसलेले असते. शेवटचा आटा सुटताच ते उडते. तेव्हा चष्मा लावावा, तोंड बाजूला ठेवावे आणि बूच तळहाताने दाबून धरतच सोडवावे. नळी गाडीवर पक्की असतानाच, वरच्या टीचा बोल्ट सैल करून, बूच अर्धा फेरा ढिले करून घ्यावे. मग पुढे झटापट होत नाही. १९०-२०० किलोची गाडी विटांवर तोलून चाक काढू नये. मेन स्टँड, इंजिनाखाली जॅक आणि वरून तुळईला दोर, असे तिन्ही आधार हवेत. पायात बूट हवेत, स्लिपर नव्हे. उकिडवे बसून दोन तास काम करण्यापेक्षा पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसावे, म्हणजे फोर्क सुधारण्याच्या नादात कंबर धरत नाही.

ब्रेकचा कॅलिपर काढल्यावर नळीवर लोंबकळू न देता दोरीने बांधून ठेवावा, आणि डिस्क निघालेली असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नये. एबीएसच्या सेन्सरची तार ताणू नये. जुने तेल ओतून नळी चार-सहा वेळा वर-खाली करावी. नवे तेल गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्याच जातीचे घ्यावे. स्प्रिंग बाहेर ठेवून, नळी पूर्ण दाबून, वरच्या काठापासून तेलाची पातळी पट्टीने मोजावी. दोन्ही नळ्यांत ती सारखीच हवी. "थोडं जास्त घातलं तर काय बिघडतं?" असे विचारणारे असतात. तेलावरची हवाही स्प्रिंगसारखीच दबते. जागा कमी पडली की फोर्क शेवटी दगडासारखा होतो आणि सील फुटते.

चाक परत बसवल्यावर एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. आसाचा नट कसावा, पण आस धरणारे बाजूचे बोल्ट ढिले असतानाच गाडी खाली घेऊन, पुढचा ब्रेक दाबून, फोर्क पाच-सहा वेळा जोराने दाबावा. मगच ते बोल्ट कसावेत. नळ्या आपोआप समांतर होतात. तसे न केल्यास नवी स्प्रिंग आणि नवे तेल असूनही फोर्क अडकतो. सर्व बोल्ट मापाच्या पान्याने, पुस्तकातल्या आकड्यावर कसावेत. डिस्कवर तेलाचा थेंबही राहू नये. गाडी सुरू करण्यापूर्वी ब्रेकचा लिव्हर कडक लागेपर्यंत दाबून घ्यावा. वापरलेले तेल कातडीला वारंवार लागू देऊ नये, रबरी हातमोजे घालावेत. ते गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजमध्ये नेऊन द्यावे.

फोर्क ठीक करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, रात्री मुंग्यांनी जाग येऊ लागली, हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग खप्पड दिसू लागला, तर मात्र पान्याने भागणार नाही, डॉक्टरांकडे जावे. मधुमेह आणि थायरॉइडचा विकार असलेल्यांनी तेवढीही वाट पाहू नये, कारण त्यांच्या नाड्या लवकर दबतात. मानेतून हातात वीज गेल्यासारखी कळ येत असेल तर तो प्रश्न मानेचाच समजावा.

बाकीच्यांनी पहिली चाचणी ओळखीच्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या रस्त्यावर, हलक्या मुठीने गाडी चालवून घ्यावी. घरी आल्यावर कोणते बोट किती वेळ जड राहिले ते वहीत लिहून ठेवावे, आणि तपासणीला येताना ती वही बरोबर आणावी.