गाडीला ‘अर्थ’ कुठून मिळतो?

टक्!

मामांनी किल्ली फिरवली आणि एवढाच आवाज आला. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्.

आम्ही औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो होतो. डोंगरावरचं मूळपीठ झालं, वाटेतलं श्री भवानी संग्रहालय झालं आणि खाली गावात येईपर्यंत दिवेलागण झाली. मी तेव्हा पाचवीत होतो. मामांची गाडी माझ्याहून वयानं मोठी होती आणि तिचं सगळं अंग पोलादाचं होतं. दिवे लावले तर लख्ख लागत होते, हॉर्न खणखणीत वाजत होता, इंजिन मात्र ढिम्म. पाच-सहा वेळा किल्ली मारून झाल्यावर मामांनी चोकचं बटण ओढलं आणि झटकन हात मागे घेतला. बटण गरम लागत होतं!

चोक म्हणजे थंड इंजिन सुरू करताना ओढायची एक साधी तार. तिच्यात वीज नसते, आग नसते. मग ती तापली कशानं?

गाड्यांचं वायरिंग करणारे एक काका आले. त्यांनी चोकच्या तारेला बोट लावलं आणि म्हणाले, “पाव्हणं, बॅटरी झकास हाय. इंजनाचं अर्थिंग गेलंय.”

मी चक्रावलो. घराचं अर्थिंग मला माहीत होतं. अंगणात खड्डा खणतात, कोळसा आणि मीठ घालतात, धातूची पट्टी पुरतात. गाडी तर चार रबरी चाकांवर उभी. तिचा जमिनीशी संबंधच काय?

खरंच नाही! गाडीचं अर्थिंग जमिनीत जात नाही. तिची ‘जमीन’ म्हणजे तिचंच पोलादी अंग. वीज बॅटरीतून निघून दिव्यापर्यंत जाते, पण तेवढ्यानं दिवा लागत नाही. तिला बॅटरीकडे परत यायलाही वाट हवी. प्रत्येक दिव्याला जायची एक आणि यायची एक अशा दोन तारा ओढल्या तर केवढा पसारा होईल! म्हणून जायला तार आणि परत यायला गाडीचा पत्रा. बॅटरीचं ऋण टोक एका जाड तारेनं पत्र्याला जोडलं की झालं. इंग्लंडातल्या कितीतरी जुन्या गाड्यांत तर उलटं असे, धन टोक पत्र्याला जोडलेलं. तरीही त्या छान चालत.

औंधच्या देवळात उंच दीपमाळ आहे. तिथं प्रत्येक पणतीचं तेल वेगळं आणि वात वेगळी, त्यामुळे एक विझली तर शेजारणीला पत्ताही लागत नाही. गाडीच्या दिव्यांचं तसं नसतं. त्यांची परतीची वाट सगळ्यांत मिळून एकच.

मग या वाटेला ‘अर्थ’, म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी, हे नाव का पडलं? 1838 साली जर्मनीत श्टाइनहाइल नावाचे शास्त्रज्ञ तारायंत्रावर प्रयोग करत होते. रेल्वेचे रूळ तारेसारखे वापरता येतील का हे बघता बघता त्यांना कळलं, की परतीच्या तारेचं काम जमीनच करू शकते! तारायंत्राची अर्धी तार वाचली. पुढे कुठल्याही सामाईक परतीच्या वाटेला ‘अर्थ’ म्हणायची सवय लागली, ती रबरी चाकांवरच्या गाडीपर्यंत आली.

आता चोकच्या तारेकडे वळू. इंजिन थरथरतं, म्हणून ते रबराच्या ठोकळ्यांवर बसवतात. रबरातून वीज जात नाही. त्यामुळे इंजिन आणि पत्रा यांच्यामध्ये तांब्याच्या बारीक तारांची विणलेली एक पट्टी लावतात. आमच्या गाडीची ती पट्टी गंजून तुटत आली होती. इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला, म्हणजे स्टार्टरला, तर दीडशे अँपिअरच्या आसपास वीज लागते. ती बॅटरीतून इंजिनापर्यंत पोचली, पण परतीचा पूलच मोडलेला. मग इंजिन आणि पत्रा यांना जोडणारं दुसरं काय होतं? चोकची तार! ती बिचारी बारीक. एवढा लोंढा तिला पेलवेना. ती तापली आणि स्टार्टर उपाशी राहिला.

काकांनी हे नुसत्या अंदाजानं सोडलं नाही. मीटर काढून त्यांनी एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर ठेवलं, दुसरं पत्र्यावर, आणि मामांना किल्ली मारायला लावली. काटा जेमतेम हलला. म्हणजे तिथपर्यंतची वाट चांगली. मग दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवलं. काटा उडालाच! म्हणजे दोष पत्रा आणि इंजिन यांच्या मध्येच होता.

किल्ली मारायलाच हवी होती का? हो, आणि ही गोष्ट मला फार आवडते. समजा, गंजामुळे वाटेत 0.05 ओहम एवढाच अडथळा आहे. मागच्या 5 वॅटच्या दिव्यातून अर्धा अँपिअरही वाहत नाही, म्हणून तिथं व्होल्टचा जेमतेम दोन शतांश भाग वाया जातो. कुणाच्या लक्षातही येत नाही. पण 150 अँपिअर वाहायचे म्हटले, तर तोच अडथळा साडेसात व्होल्ट मागतो. बॅटरी मुळात 12 व्होल्टची! स्टार्टरला उरलं काय? म्हणून अर्थिंगची परीक्षा काम चालू असतानाच घ्यावी लागते.

काकांनी एक जाड केबल इंजिनापासून बॅटरीच्या ऋण खुंटीपर्यंत धरली. घर्रर्र! गाडी सुरू. मग नवी पट्टी बसवली, पण आधी पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत घासून. रंग आणि गंज यांच्यातून वीज नीट जात नाही.

तुम्हालाही हे करून बघता येईल. स्टीलच्या ताटात टॉर्चचा सेल उभा ठेवा, सपाट टोक खाली. बारक्या बल्बची धातूची कड ताटाला टेकवा आणि सेलच्या वरच्या टोकापासून आणलेली तार बल्बच्या बुडाला लावा. बल्ब लागेल. आता बल्बच्या कडेखाली कागदाचा कपटा सरकवा. विझला! मात्र फक्त टॉर्चचा सेलच वापरा. घरातल्या प्लगला किंवा गाडीच्या बॅटरीला हात लावायचा नाही.

घरी जुनी गाडी असेल तर आणखी एक काम करा. संध्याकाळी मोठ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा आणि तुम्ही मागे, बाजूला उभे राहून बघा. ब्रेकचा दिवा नीट न लागता शेजारचाच दिवा मिणमिणला, तर त्या दिव्यांचं अर्थिंग गेलेलं असू शकतं. वीज परतीची वाट शोधत शेजारच्या दिव्यात घुसलेली असते. तसं दिसलं तर लगेच सांगा, कारण रात्री घाटात मागून येणाऱ्याला तुमची गाडी थांबतेय हे त्याच दिव्यावरून कळतं.