उसातली बाळंतीण

गळीत हंगामात अवसरी खुर्दच्या शिवारात कोयते फडाच्या मध्यावर पोचले, की तोडणी मजूर जरा दबकूनच पुढे सरकतात. पाचटात कधी बिबट्याचे दोन-तीन बछडे निघतात, डोळेही न उघडलेले. ‘आई टाकून गेली,’ असे कुणीतरी म्हणतेच. ती शिकारीला गेलेली असते, नाहीतर शेजारच्या फडात दिवस मावळायची वाट बघत असते.

बिबट्याच्या मादीचे बाळंतपण म्हणजे सगळी लपवाछपवी. डोळे उघडायला आठवडा-दहा दिवस लागणारी पिल्ले तरसाच्या, कुत्र्यांच्या तोंडी सहज जातात. म्हणून ती त्यांना चाटून साफ ठेवते, विष्ठाही गिळते. मागे वास उरता कामा नये. एकेकाला मानगुटीला धरून जागाही वरचेवर बदलते. एकाच जागी पिसवा-गोचिडांचा सुळसुळाट होतो, हेही त्याचे एक कारण असावे.

पण मोठा वैरी घरचाच. दूध पाजणारी मादी माजावर येत नाही. पिल्ले गेली की लवकर येते. त्यामुळे हद्द बळकावणारा नवा नर आधीच्या नराची पिल्ले मारतो. दक्षिण आफ्रिकेतल्या साबी सँडमधील अनेक वर्षांच्या नोंदींवरून संशोधक बाम आणि हंटर यांनी २०१३ मध्ये दाखवले, की बछड्यांच्या मृत्यूंत अशा हत्यांचा वाटा मोठा आहे. यावर मादीचा तोडगा म्हणजे एकाहून अधिक नरांशी जुगणे. पिल्ले कुणाची याचा घोळ राहिला, तर त्यांचा जीव वाचण्याची शक्यता वाढते.

लपायला उसासारखी जागा नाही. अडसाली ऊस दीड वर्ष उभा, पाणी बांधावर, भक्ष्य वस्तीत. अकोले तालुक्यात संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांना बिबट्याच्या आहारात सर्वाधिक वाटा कुत्र्यांचा आढळला. पिढ्यान् पिढ्या मुरलेल्या या लपण्याच्या शहाणपणाला कारखान्याची तोड मात्र ठाऊक नाही.

तोडीत बछडे सापडले, की मादीची जागा बदलायची सवयच उपयोगी पडते. वनकर्मचारी आणि माणिकडोह बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य तपासलेली पिल्ले संध्याकाळी क्रेटमध्ये घालून सापडली तिथेच ठेवतात आणि कॅमेरा लावून लांब थांबतात. अंधार पडला की बहुतेक वेळा आई येते आणि एकेक उचलून नेते.

तेव्हा बछडे दिसले तर फोटोसाठी हातात घेऊ नका. आई जवळच असू शकते आणि बिथरलेली मादी माणसावर धावून येते. तोड थांबवा, सगळ्यांना फडाबाहेर काढा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.