माडावरचं वय

नव्वदच्या दशकात वेंगुर्ले-मालवणच्या पट्ट्यात पाडेल्याला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला, वय कोणी विचारत नसे. साठी ओलांडलेले पाडेली कमरेला कोयता लावून सकाळी सातला वाडीत हजर असत आणि उन्हं चढायच्या आत निम्मी पाडणी उरकत. आज त्याच गावांत पंचेचाळिशीचा माणूस ‘उंच माड नको’ म्हणून सांगतो. पूर्वीची माणसंच दणकट, त्यांचं खाणं कसदार, असं त्यावर सगळे म्हणतात. मला हे पटत नाही. आमच्याकडे येणाऱ्या पाडेल्यांना मी लहानपणापासून बघत आलोय. त्यांचं शरीर टिकलं ते काम वर्षभर थोडं थोडं वाटून येत होतं म्हणून. ती वाटणी मोडली आणि शरीरंही लवकर मोडायला लागली.

माडाला साधारण महिन्याला एक पेंड येते आणि नारळ तयार व्हायला अकरा-बारा महिने लागतात. म्हणजे दर दीड-दोन महिन्यांनी पाडणी. प्रत्येक पाडेल्याच्या वाड्या ठरलेल्या असत. एक संपेपर्यंत दुसरी तयार, त्यामुळे बारमाही चढणं चालू. गोव्यातला रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, तर सुरेसाठी त्याच माडांवर दिवसातून तीन-तीनदा चढे. व्यायामशास्त्र आज जे सांगतं ते या माणसांच्या दिनक्रमात आपोआप घडत होतं. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू ३ ते ८ टक्के घटतात, साठीनंतर हा वेग वाढतो. दमसासही दर दशकाला साधारण १० टक्क्यांनी उतरतो. नियमित भार मिळाला तर ही घसरण बरीच मंदावते. पण भार थांबला, की दोन-तीन आठवड्यांतच शरीर सैल पडायला लागतं, आणि उतारवयात गेलेली ताकद परत यायला जास्त दिवस लागतात.

मग वाड्यांच्या वाटण्या झाल्या आणि मालक मुंबईला गेले. नारळ आता चाकरमानी गावी येईल तेव्हा पाडायचे, म्हणजे गणपतीला आणि मे महिन्यात. गणपतीआधीची पाडणी सर्वांत वाईट. नारळी पौर्णिमा आणि चतुर्थी, दोन्हींसाठी मागणी याच दिवसांत. खोडावर शेवाळ धरलेलं असतं, खाचांत पाणी साचलेलं असतं आणि पाडेली आषाढभर चढलेलाच नसतो. मधल्या महिन्यांत तो गवंड्याच्या हाताखाली राबलेला असतो, होडीवर गेलेला असतो. ती कष्टाचीच कामं आहेत, पण त्यात पोटऱ्या, तळवे आणि पकड यांना माडाचा सराव मिळत नाही. अशा माणसाला आपण एका सकाळी सगळी वाडी पाडून मागतो, आणि पैसे देतो माडामागे. या माडामागच्या दरावर माझा राग आहे. विशीतल्या मुलाला तो परवडतो. पन्नाशीच्या माणसाला मात्र तेवढ्याच मजुरीसाठी थकल्या पायांनी शेवटचे माड चढायला लावतो.

आणि धोका त्या शेवटच्या माडांवरच असतो, तोही बहुधा उतरताना. चढताना माणूस जोर लावतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अख्ख्या अंगाचं वजन पेलत असतो. स्नायूला जास्त इजा करणारं, दुसऱ्या दिवशी ठणका देणारं काम हेच. आमच्याकडे एक वयस्कर पाडेली येत, त्यांचं उतरणं मी पुष्कळदा खाली उभा राहून पाहिलंय. पायातलं दोरीचं कडं खोडाला टेकवायचं, दोन्ही तळवे आत दाबायचे, हात वीतभर खाली घ्यायचे, मग पाय. घसरत उतरणं त्यांच्याकडे नव्हतंच. शेंड्याशी गेल्यावर खोड सोडून झावळीचा देठ धरायची वेळ येते, तिथे ते क्षणभर थांबत. हिरव्या झावळीला दोनदा हिसका देत, मगच भार टाकत. पिवळी पडायला लागलेल्या झावळीला बोटही लावत नसत. त्यांचा वेग तरुणांच्या निम्मा होता. त्यांना पडलेलं मात्र मी पाहिलं नाही.

केरळात नारळ विकास मंडळाने २०११ साली ‘नारळवृक्षाचे मित्र’ हा प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. चढणारेच उरले नव्हते, म्हणून बेरोजगार तरुणांना, बायकांनाही यंत्राने चढायला शिकवलं. पुढे ती यंत्रं कोकणातही आली. दोन लोखंडी भाग, प्रत्येकाला तारेचा फास, एकावर भार टाकायचा आणि दुसरा वर सरकवायचा. नवख्याला भीती कमी वाटते, छाती आणि तळवे सोलत नाहीत. पण दर माडाला ते बांधायचं आणि सोडायचं, म्हणून जुने पाडेली त्याला नाक मुरडतात. माझं मत असं, की पन्नाशीनंतर ते नक्की वापरावं, मात्र गुडघे ठीक असतील तरच. कारण हातांचं बरंचसं काम त्यात मांड्या-गुडघ्यांवर येतं. आणि यंत्र आहे म्हणून सुरक्षेचा पट्टा सोडू नये. मंडळाने नारळ पाडणाऱ्यांसाठी ‘केरा सुरक्षा’ हा अपघात विमाही आणला, १८ ते ६५ वयाच्या माणसांसाठी. गावात विचारून बघा, किती जणांना त्याचं नाव माहीत आहे.

इतक्या वर्षांत आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती डोळ्यांची. चाळिशीचा चष्मा लागतो आणि माणूस दोन भिंगांचा एकच चष्मा करून घेतो. उतरताना खाली पाहिलं, की नजर वाचायच्या भिंगातून जाते आणि पायाखालची खाच पुसट होते. चढायला दूरच्या नंबराचा वेगळा चष्मा हवा, मागे दोरीने बांधलेला. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी एकदम उठताना अंधारी येते, म्हणून आपण काय काम करतो ते डॉक्टरला आधी सांगायला हवं. डॉक्टर आपणहून विचारत नाहीत आणि पाडेली काम बंद होईल या भीतीने बोलत नाहीत.

बाकी तयारीला व्यायामशाळा लागत नाही. पावसामुळे चढण्यात खंड पडतो तेव्हा रोज बैठका, टाचा उचलून उभं राहणं, पडवीच्या वाशाला लोंबकळून पकड टिकवणं, एका पायावर तोल सांभाळणं. आणि जेवणात कुळथाची पिठी, अंडी, मासळी. खंडानंतर पहिला आठवडा फक्त बुटक्या माडांवर काढावा.

आमच्या वाडीत आता पाडणी रोजंदारीवर असते. चतुर्थीचे नारळ मृगाच्या आधीच पाडून, न सोलता पडवीत रचून ठेवतो. तयार नारळ सोडणासकट तीन महिने सहज राहतो. साठी गाठलेले पाडेली उंच माडांच्या वाटेला जात नाहीत. ठेंगणे माड तेच पाडतात आणि शेंड्यात गेंड्या भुंगा शिरलाय का ते कोवळ्या झावळीच्या कातरण्यावरून खालूनच ओळखून पोरांना वर पाठवतात. त्याचीही मजुरी त्यांना पूर्ण मिळते.